कोचिंगसाठी सायकॉलॉजीचे सगळे अप्रोच शिकायचे की एकच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचआरमध्ये बारा वर्षं झालीत, आता लीडरशिप कोचिंगमध्ये यायचंय, सायकॉलॉजीची डिग्री नाही, आणि शोधायला गेलं की सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), गेस्टाल्ट, टीए (ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस), पॉझिटिव्ह सायकॉलॉजी, सोल्युशन फोकस्ड, एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग) अशी भली मोठी यादी अंगावर येते. तर यातलं काय शिकायचं, सगळं थोडंथोडं शिकून जिथे जे लागेल ते वापरायचं का, आणि सर्टिफिकेट आधी की अभ्यास आधी.

मी आधी कौन्सेलिंग आणि मग बरीच वर्षं कंपन्यांमधल्या लोकांचं कोचिंग करत आलेय, नवीन कोचेसचं सुपरव्हिजनही करते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

सरळ उत्तर हे की एकच अप्रोच धरा आणि तो अंगात मुरू द्या, पण कुठला धरायचा ते आजच ठरवू नका. आधी चारपाच अप्रोच एकाच माणसावर चालवून बघा. म्हणजे कसं, प्रत्येक अप्रोच खरं तर एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो: माणूस स्वतःच म्हणतोय की मला हे करायचंय, मग तो ते करत का नाही? व्यक्तिकेंद्रित थेरपीचा जनक रॉजर्स म्हणणार त्याच्यात वाढायची ओढ आहेच, तिला हवी तशी मोकळी जागा कुणी दिली नाही. विचारांवर काम करणारे एलिस आणि बेक म्हणणार तो स्वतःला मनात जे सांगतोय त्यात गडबड आहे. बिहेवियरवाले म्हणणार करून फायदा काय होतो आणि न करून काय होतो ते आधी बघा. फ्रॉइडच्या वंशातले म्हणणार हे न करण्यातच त्याचं काहीतरी जुनं जपलं जातंय. आणि सोल्युशन फोकस्डवाले म्हणणार, का अडकलाय ते कळायची गरजच नाही. हा एक प्रश्न हातात ठेवून वाचलंत तर जाडजाड पुस्तकं सोपी जातात, नाहीतर नुसती टेक्निक्स पाठ होतात आणि कधी वापरायची ते कळत नाही.

सुरुवातीला एक फिल्म बघा, १९६५ मध्ये आलेली, शोस्ट्रॉम नावाच्या सायकॉलॉजिस्टने केलेली. ग्लोरिया नावाची एक बाई, तिशीतली, नुकताच घटस्फोट झालेला, आणि तिच्याशी आधी कार्ल रॉजर्स, मग गेस्टाल्टवाला फ्रिट्झ पर्ल्स, मग अल्बर्ट एलिस असे तिघं वेगवेगळं बोलतात, सगळं कॅमेऱ्यासमोर. बाई तीच. रॉजर्सला ती विचारते, लेकीशी मी खोटं बोलले, आता काय करू सांगा ना, आणि तो काही केल्या उत्तर देत नाही पण तिला एकटंही सोडत नाही, शेवटीशेवटी ती म्हणते की तुमच्यासारखे वडील हवे होते. पर्ल्स तिला म्हणतो भीती वाटतेय म्हणतेस आणि हसतेस काय, सरळ खोटारडी ठरवतो, ती भडकते, आणि त्याला तेच हवं असतं. एलिस भराभर बोलत तिच्या मनातलं वाक्य शोधतो, की एखाद्या पुरुषाने नाकारलं म्हणजे मी कुचकामी. गंमत पुढे आहे. शूटिंग संपल्यावर ती म्हणाली की आत्ता मला पर्ल्सचा जास्त उपयोग होईल, पण पुढे वर्षानुवर्षं, अगदी मरेपर्यंत, संपर्क ठेवला तो रॉजर्सशी. सेशन संपतानाचा 'व्वा' आणि खरा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या कोचला कळलं त्याचे डोळे फीडबॅक फॉर्म बघून जरा कमी चमकतात.

आता कोचिंगमधला माणूस घेऊ. बऱ्याच जणांचे तुकडे जोडून बनवलेला आहे, त्याला सुहास म्हणू. हिंजवडीत डिलिव्हरी मॅनेजर, चाळिशीचा, तीनशे साठ फीडबॅकमध्ये (म्हणजे बॉस, सहकारी, टीम अशा सगळ्यांकडून घेतलेल्या) एकच रड, डेलिगेट करत नाही. रात्री अकरापर्यंत टीमचे मेल तपासतो. बॉसने एचआरला सांगितलं, एचआरने कोच शोधला, आणि सुहास समोर येऊन बसला, हसतमुख, वही घेऊन.

ग्रो मॉडेल शिकलेला कोच विचारणार गोल काय, आजची परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि नक्की काय करणार. सुहास हुशार आहे, तासाभरात छान प्लॅन करेल, दोन मॉड्यूल ज्युनियरकडे, नऊनंतर लॅपटॉप बंद. पुढच्या वेळी सांगेल की रिलीज होतं म्हणून नाही जमलं, त्याच्या पुढच्या वेळी क्लायंटचं एस्कलेशन. मला ग्रोबद्दल राग नाही, गॅलवे या टेनिस कोचने १९७४ मध्ये टेनिसच्या निमित्ताने जे मांडलं की आतला सतत सूचना देणारा आवाज गप्प केला तर शरीर आपोआप शिकतं, तो विचार व्हिटमोरने ऑफिसात आणला आणि १९९२ च्या पुस्तकातून ग्रो जगभर गेलं, ते ठीकच आहे. पण ग्रो म्हणजे बोलण्याचा क्रम आहे. सुहास का अडकलाय याबद्दल ग्रोकडे मतच नाही, आणि नवीन कोच सगळ्यात जास्त इथेच ठेचकाळतात.

बिहेवियरच्या चष्म्यातून बघा. रात्री अकराला सुहासने बग पकडला की सकाळी क्लायंटचा थँक्यू मेल, सीसीमध्ये व्हीपी. ज्युनियरने पकडला तर कुणाला कळतही नाही. मग तो कशाला सोडेल? एवढं जरी कोचने कागदावर मांडलं तरी पन्नास टक्के गोष्ट उजेडात येते, आणि हे करायला कुठलीही खोल सायकॉलॉजी लागत नाही, तरी लोक हे सोडून थेट बालपणात शिरतात.

आरईबीटीवाला, म्हणजे एलिसचा अप्रोच वापरणारा कोच, विचारेल, ज्युनियरकडून चूक झाली तर काय होईल? क्लायंट चिडेल. मग? माझं नाव जाईल. मग? आणि असं खाली खाली जात एक वाक्य सापडतं, माझ्या नावावर गेलेल्या कामात चूक होताच कामा नये, झाली तर मी बेकार माणूस. चूक होऊ नये असं वाटणं एलिसला मान्यच आहे, त्याचा झगडा आहे 'होताच कामा नये' या हट्टाशी. आपल्याकडे या अप्रोचला चांगली परंपरा आहे, कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून तो मुंबईत रुजवला, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएचमुळे (मानसिक आरोग्याचं काम करणारी ही संस्था १९९० पासून चालू आहे) तो सामान्य मराठी माणसाच्या बोलण्यातही आला. त्यामुळे मराठीतून शिकायला साहित्य आहे, प्रशिक्षण आहे, हा मोठाच फायदा. तोटा असा की नवीन माणूस वादच घालत बसतो. सुहास तर्कात तुमच्यापेक्षा तरबेज असतो, तो पाच मिनिटांत 'पटलं मॅडम' म्हणतो आणि रात्री अकराला परत मेल तपासतो. इथे बेकच्या बाजूचं एक काम जास्त उपयोगी पडतं, एक मेल न तपासता जाऊ द्यायचा, जाऊ देण्याआधी काय अनर्थ होईल ते लिहून ठेवायचं, आणि आठवड्याने उघडून बघायचं. वादात जे पटत नाही ते या कागदावर पटतं.

एसीटी (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी), म्हणजे स्टीव्हन हेझवाला अप्रोच, इथे वळण घेतो. तो म्हणतो विचार खरा की खोटा यात पडूच नका, 'मी बेकार' हा विचार आला तर येऊ दे, त्याला सोबत घेऊन मेल सोडता येतो का बघ, आणि हे कशासाठी करायचं तर तुला बाप म्हणून, लीडर म्हणून कसं जगायचंय त्यासाठी. ज्यांना स्वतःशी वाद घालायची आधीच सवय आहे अशा लोकांना हे फार मानवतं.

सोल्युशन फोकस्ड हा डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या नवराबायकोने १९७८ पासून मिलवॉकीत घडवलेला अप्रोच. तो सुहासला विचारेल, असं कधी झालंय का की काम टीमने केलं आणि निभावलं? आणि जरा थांबलं की निघतं, वडिलांच्या ऑपरेशनला चार दिवस सुट्टी घेतली होती, फोन बंद होता, रिलीज वेळेवर गेलं. मग नुसतं खोदायचं, त्या चार दिवसांत तू काय वेगळं केलंस, टीमला निघताना काय सांगितलंस, त्यांनी काय केलं. शून्य ते दहामध्ये आज कुठे आहेस, तीन म्हणालास, तर दोन का नाही? हा 'दोन का नाही' वाला प्रश्न मला सगळ्या कोचिंगमधला सगळ्यात हुशार प्रश्न वाटतो, कारण माणूस तयारच असतो आपण दहा का नाही याचा कबुलीजबाब द्यायला आणि अचानक त्याला स्वतःचं भांडवल मोजावं लागतं. कंपनीने सहाच सेशन दिली असतील तर हा अप्रोच सोन्यासारखा आहे. फक्त वरवरच्या उत्साहात चालवला तर माणसाला वाटतं की माझा त्रास यांनी ऐकलाच नाही.

आता मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (एमआय), आणि इथे तुम्ही एचआरवाले आहात म्हणून जास्त बोलते. विल्यम मिलरने १९८३ मध्ये दारूच्या समस्येवर काम करताना हे मांडलं, नंतर रोलनिक त्याला येऊन मिळाला. मूळ रॉजर्सचंच ऐकणं, पण त्याला दिशा आहे. मुद्दा असा की बदलाबद्दल माणसाच्या मनात दोन मतं असतात, आणि तुम्ही एका बाजूने बोलायला लागलात की तो आपोआप दुसऱ्या बाजूचा वकील होतो. तुम्ही म्हणालात सुहास, डेलिगेट केलंस तर तुला वेळ मिळेल, की तो म्हणणार हो पण ज्युनियर तयार नाहीत. जितकं तुम्ही समजावाल तितका तो स्वतःच्याच तोंडून न बदलण्याची कारणं ऐकत जातो आणि पक्का होतो. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायला हात शिवशिवतात ना, त्यालाच मिलर सगळ्यात मोठा अडथळा मानतो. एचआरमध्ये बारा वर्षं तुम्हाला पगार मिळाला तो नेमका दुरुस्त करण्याचा. म्हणून तुमचं पहिलं सहा महिन्यांचं काम हेच, रॉजर्स आणि एमआय, दुसरं काही नको. सुहासच्या तोंडून बदलाच्या बाजूचं अर्धं वाक्य जरी निघालं, म्हणजे 'मुलगी झोपल्यावरच घरी पोचतो' असं काही, तर तिथे थांबणं आणि त्याला तेच अजून बोलू देणं. ऐकायला सोपं आहे, करायला अजिबात नाही.

आणि मग सायकोडायनॅमिक, म्हणजे फ्रॉइडच्या वंशातला अप्रोच, ज्याला कोचिंगवाले घाबरतात किंवा मग नको तितकं प्रेमात पडतात. सुहास थोरला मुलगा, वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा कॉलेजात होता, घर त्याने धरलं. तेव्हापासून 'मी सोडलं तर सगळं पडेल' हे त्याच्यासाठी अनुभवाने सिद्ध झालेलं सत्य आहे, त्याला नुसता चुकीचा विचार म्हणून चालणार नाही. हे कळलं तर कोच त्याच्याशी वेगळ्या आदराने बोलतो. पण मला विचाराल तर या अप्रोचचा कोचसाठी खरा उपयोग भूतकाळात नाहीये, तो खोलीत आत्ता काय चाललंय ते बघण्यात आहे. तिसऱ्या सेशनला सुहास विचारायला लागतो, बरोबर केलं ना मॅडम? आणि कोच नकळत त्याच्यासाठी जास्त राबायला लागते, त्याला आर्टिकल पाठवते, रिमाइंडर टाकते, त्याचा प्लॅन स्वतःच लिहून देते. म्हणजे सुहास जे टीमचं करतो तेच कोच सुहासचं करतेय, आणि त्याची टीम जशी हात बांधून बसलीय तसा तो इथे बसलाय. हे सुपरव्हिजनमध्ये इतक्या वेळा दिसतं की मी आता नवीन कोचला पहिल्यांदा हेच विचारते, त्याच्यापेक्षा तू जास्त घाम गाळतेयस का? यासाठी सायकोडायनॅमिक वाचायचं. अर्थ लावून क्लायंटला सांगायचा नाही, तुमच्या वडिलांमुळे असं झालं वगैरे, तो आपला प्रांत नाही आणि तेवढं प्रशिक्षणही नाही.

कीगन आणि लाहीची चार कॉलमची पद्धतही इथेच बसते, त्यांचं पुस्तक २००९ चं आहे, डिग्रीशिवाय खोलात जायचं असेल तर ती सुरक्षित वाट आहे: काय बदलायचंय, त्याच्या उलट मी काय करतो, तसं करून मी गुपचूप काय सांभाळतोय, आणि कुठलं मोठं गृहीतक त्याच्या तळाशी आहे. टीए आणि गेस्टाल्ट मी इथे भराभर सोडून देतेय, दोन्ही पुस्तकातून न शिकता ग्रुपमध्ये प्रत्यक्ष शिकायच्या गोष्टी आहेत, रिकामी खुर्ची ठेवून संवाद करायला लावणं तर बिनशिकवलेल्याने करूच नये.

एक शक्यता उरलीच. सुहासमध्ये काहीच बिघाड नसेल. क्लायंटने चूक झाली की दंड लावायचा करार केलाय, टीममध्ये निम्मे फ्रेशर आहेत, आधीच्या मॅनेजरने डेलिगेट केलं आणि त्याचीच खुर्ची गेली. असं असेल तर सुहास अगदी शहाणपणाने वागतोय, आणि सहा सेशन घेऊन त्याची मानसिकता बदलायला निघालेला कोच कंपनीचा प्रॉब्लेम त्याच्या डोक्यात कोंबतोय. वरच्या बहुतेक सगळ्या अप्रोचचा हा सामाईक आंधळेपणा आहे, ते एका माणसासाठी बनलेत. म्हणून पहिल्या मीटिंगला बॉस, सुहास आणि कोच तिघं एकत्र बसलेच पाहिजेत आणि बॉस स्वतः काय बदलणार हे तिथे विचारलंच पाहिजे. एचआरच्या अनुभवाचा इथे तुम्हाला जबरदस्त फायदा होईल, सायकॉलॉजीवाल्या कोचेसना हे बरेचदा दिसतच नाही.

मग सगळं थोडंथोडं शिकून मिसळलं तर? लोक इथे संशोधनाचा दाखला देतात. रोझेनझ्वाइगने १९३६ मध्येच म्हटलं होतं की वेगवेगळ्या थेरपींचे परिणाम सारखेच दिसतात कारण त्यांच्यात काही सामाईक घटक आहेत, आणि कोचिंगवर २०२० मध्ये आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्येही (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) कोच आणि क्लायंटमधलं कामाचं नातं आणि परिणाम यांचा संबंध स्पष्ट दिसतो. म्हणून मग अप्रोच कुठलाही चालतो, नातं महत्त्वाचं, असं म्हणून अभ्यासाला सुट्टी. पण बॉर्डिनने १९७९ मध्ये या नात्याचे जे तीन भाग सांगितले त्यात जिव्हाळा हा एकच भाग आहे, उरलेले दोन म्हणजे कुठे जायचंय यावर एकमत आणि त्यासाठी काय करायचं यावर एकमत. आपण हे का करतोय हे क्लायंटला समजावून सांगता येत नसेल तर तिसरा भाग येणार कुठून? त्यासाठी तुमच्याकडे एक धड अप्रोच लागतोच. गाण्यात जसं एका घराण्याची तालीम पक्की झाल्यावर दुसऱ्याची चीज घेतली तर ती शोभते, तसंच हे. ऐकण्याचं काम बसल्यावर मी तुमच्यासारख्यांना कॉग्निटिव्ह बिहेवियरलकडे पाठवते, रचना स्पष्ट आहे, चूक झाली तर कुठे झाली ते सापडतं. पण सहा महिन्यांनी तुम्हाला एसीटी किंवा सोल्युशन फोकस्ड जवळचं वाटलं तर तेच धरा.

एनएलपीबद्दल विचारलंय म्हणून सांगते, आपल्याकडे हॉटेलच्या हॉलमध्ये वीकेंडला मास्टर प्रॅक्टिशनर बनवून देतात, फी बघून डोळे पांढरे होतात. डोळे कुठे फिरतात त्यावरून माणूस खोटं बोलतोय का कळतं वगैरे दावे तपासले गेलेत, वाइझमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेल्या प्रयोगांत तसा काही संबंध सापडला नाही. त्यातलं जे चांगलं आहे ते बहुतेक इतरांकडून उचललेलं आहे, तर मुळातूनच घ्या ना.

डिग्री नसण्याचं म्हणाल तर भारतात कोच व्हायला कायद्याने कुठलंही लायसन्स लागत नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला मात्र आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते. त्यामुळे कोचिंग करा, पण 'सीबीटी थेरपी देते' असं व्हिजिटिंग कार्डावर छापू नका. आणि डिप्रेशन, अँग्झायटी, व्यसन यांची लक्षणं नीट शिकून घ्या, उपचार करायला नाही, ओळखायला. सुहासची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलीय, कशात रस उरलेला नाही, असं दिसलं तर डेलिगेशनचा विषय बंद आणि सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवणं सुरू. मरणाचं बोलला तर त्याच दिवशी, एकटं सोडायचं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

सर्टिफिकेट हवंच असेल, कंपन्या मागतात म्हणून, तर आयसीएफ या कोचेसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली पायरी एसीसी, त्याला किमान साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तासांचं कोचिंग लागतं, पुढच्या पीसीसीला सव्वाशे आणि पाचशे. पण तिथे कोचने काय काय करावं याची कौशल्यं तपासतात, माणूस का अडकतो हे शिकवत नाहीत. दोन्ही एकत्र चालू द्या, आधी काय नंतर काय यात वेळ घालवू नका, शंभर तास भरायचेच आहेत तर ते अभ्यासासाठीही वापरा.

कसे, तर रेकॉर्ड करून. रॉजर्सनेच टेपरेकॉर्डर येण्याआधीच्या काळात सेशन तबकड्यांवर रेकॉर्ड करून १९४२ च्या पुस्तकात एक अख्खी केस शब्दशः छापली होती, तेव्हा तुम्हाला मोबाइल असताना सबब नाही. दर महिन्याला एका सेशनची मधली पंधरा मिनिटं शब्दशः उतरवून काढा, कंटाळा येतो, तरी स्वतःच्या हाताने. मग स्वतःच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा की हे बोलताना सुहास का अडकलाय असं मी धरून चालले होते. काही वाक्यांपुढे एलिस निघेल, काहींपुढे बॉस, आणि बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही, सुचलं म्हणून विचारलं' एवढंच लिहिता येईल, तीच पानं सुपरव्हायजरकडे न्या. रेकॉर्डिंगची परवानगी क्लायंटकडून लेखी घ्या, आणि कोचिंगचे पैसे कंपनी भरत असेल तर हे रेकॉर्डिंग कंपनीतल्या कुणालाही मिळणार नाही हेही त्याच कागदावर लिहून त्याच्या बॉसची सही घ्या.